पावसात पेलेट स्मोकर: आधी एवढं सांभाळा

दादा, पेलेट स्मोकर घेतलात, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्या (पेलेट) जाळून धुरावर मांस शिजवणारी विजेवर चालणारी शेगडी, छान केलंत. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस सांगून येत नाही. दुपारी रणरणतं ऊन, संध्याकाळी गडगडाट. म्हणून आधी पेलेट जपा. ओले झाले की फुगतात, त्यांचा भुसा होतो आणि पेलेट आगीकडे ढकलणारा आतला स्क्रू जाम होतो. माझी पहिली गोणी गच्चीवर अशीच गेली. एक मोडून बघा: कट्कन तुटला तर चांगला, बोटात चुरा झाला तर सगळे टाकून द्या. चांगले असतील ते घट्ट झाकणाच्या डब्यात, घरात.

- वायरचा जोड जमिनीवर नको. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवंच.
- पाऊस आला म्हणून जिन्यात किंवा खोलीत ओढू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जीव जातो.
- गरम स्मोकरवर ताडपत्री टाकू नका.

ढग गडगडले की बंद करून घरात या, मटण कुकरला लावा. कोणत्या लाकडाच्या पेलेटने कशी चव येते, ते नंतर बोलू.