पावसाळी भटकंतीत विस्तवासाठी काय जवळ ठेवावे?

प्रश्न : मी सातारा शहरात राहतो आणि पावसाळ्यात मित्रांबरोबर यवतेश्वर, ठोसेघर, महाबळेश्वर या बाजूच्या डोंगरांत पायी फिरतो. अडीनडीला विस्तव पेटवता यावा, असे एखादे साधन कायम पाठपिशवीत असावे असे वाटते. दुकानदाराने चार्जिंगचा लायटर, जोरदार ज्योत सोडणारा जेट लायटर आणि घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी अशा तीन वस्तू दाखवल्या आणि कांडी भिजली तरी चालते, म्हणून तीच घ्या असा आग्रह धरला. घरची काडेपेटी पुरणार नाही का? नेमके काय घ्यावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पानटपरीवर मिळणारा सिगारेटचा साधा लायटर हे आपले पहिले साधन असावे आणि धातूची कांडी त्याच्या जोडीला असावी. दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे. कांडी पाण्यात पडली तरी पुसून लगेच वापरता येते हे खरे. मात्र ती ज्योत देत नाही, ठिणगी देते, आणि ती ठिणगी झेलून पेट घेईल असे कोरडे काही आपल्याजवळ नसेल, तर भर पावसात रान धुंडाळूनही ते मिळण्याची आशा फार थोडी असते. लायटरची ज्योत मात्र काही सेकंद एकाच जागी धरता येते, त्यामुळे किंचित दमट काटकीही आधी सुकते आणि मग पेटते. ओल्याचिंब कपड्यांत कुडकुडणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे.

काडेपेटीवर एकट्या भरवसा ठेवू नये. आपल्या नेहमीच्या काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीत असतो. दोन्ही एकमेकांवर घासले गेले तरच काडी पेटते. त्यामुळे काड्या कोरड्या राहिल्या तरी पट्टी सादळली की सगळी पेटी निकामी होते. आपल्याकडे आषाढात स्वयंपाकघरातल्या फडताळावरची काडेपेटीही सादळते. मग वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात ती पिशवीत कितपत टिकेल, याचा विचार करावा. न्यायचीच असेल तर काड्या आणि कापलेली पट्टी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावी, आणि पट्टीचा खरखरीत भाग गुलांना लागणार नाही अशा बेताने ती कागदात गुंडाळावी.

चार्जिंगचा लायटर बॅटरीवर अवलंबून असतो आणि त्याची विजेची ठिणगी ज्या अरुंद फटीत पडते, तिच्यात बारीक वातीपलीकडे काही घालता येत नाही. जेट लायटर वाऱ्यात चांगला चालतो, परंतु तो गॅस भराभर संपवतो, आणि त्याची ठिणगी पाडणारी यंत्रणा दमट हवेत दगा देऊ शकते. हे दोन्ही वगळावेत.

साधा लायटर घेताना आतला गॅस दिसेल असा पारदर्शक टाकीचा घ्यावा. पिशवीत बटण दाबले जाऊन गॅस निघून जाऊ नये म्हणून बटणाखाली रबराची छोटी पट्टी अडकवून ठेवावी. लायटर भिजला तर घाबरून जाऊ नये: तो जोराने झटकावा, चाकावर फुंकर मारून पाणी उडवावे आणि कोरड्या कापडावर चाक पुन्हा पुन्हा फिरवावे. दगड आणि चाक सुकले की तो पुन्हा पेटतो.

बोटे गारठून बधिर झाली, तर मात्र ते लहानसे चाक अंगठ्याने फिरवता येत नाही, आणि कांडीची खरी गरज अशा वेळी पडते, कारण ती सगळ्या मुठीत धरता येते. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये ज्या मिश्रधातूचे पेटंट घेतले, त्याच जातीचा हा धातू आहे. लायटरमधला दगडही त्याचाच असतो. किमान ८ मिलीमीटर जाडीची कांडी घ्यावी, फार बारीक कांडी जोर लावताच मोडते. नव्या कांडीवर काळा थर असतो, तो खरवडून काढल्याशिवाय नीट ठिणग्या पडत नाहीत. पेटवताना कांडीचे टोक कापसाच्या बोळ्यावर (तो कसा करायचा ते पुढे दिले आहे) टेकवावे, कांडी घासायचे पाते कापसाजवळ स्थिर धरावे आणि कांडी मागे ओढावी. पाते पुढे ढकलले तर त्याच्या धक्क्याने रचलेला कापूस विस्कटतो.

आता कापसाविषयी, कारण माझ्या मते लोक साधनावर पैसे खर्च करतात आणि नेमके याच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. औषधाच्या दुकानातल्या शुद्ध कापसाचे लहान बोळे करून त्यांत व्हॅसलीन चोळावे, आणि मधला थोडा भाग कोरडा राहू द्यावा. वापरताना बोळा उसवून तंतू मोकळे केले की ठिणगी त्या कोरड्या तंतूंवर धरते आणि व्हॅसलीनमुळे बोळा काही मिनिटे जळत राहतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर पट्ट्याही जवळ असाव्यात. त्या ओल्या झाल्या तरी पुसून लायटरने पेटवता येतात, धूर मात्र काळा आणि त्रासदायक असतो. देवघरातला कापूरही ज्योतीवर झटकन पेटतो, पण उघडा ठेवल्यास उडून जातो, म्हणून त्याला हवाबंद डबी हवी. हे सारे दोन वेगवेगळ्या डब्यांत भरून एक पिशवीत आणि एक अंगावरच्या खिशात ठेवावी. पिशवी दरीत गेली तरी खिसा आपल्याबरोबर राहतो.

जमिनीवर पडलेल्या ओल्या फांद्यांच्या नादी लागू नये. झाडावरच वाळून उभ्या राहिलेल्या फांद्या मोडाव्यात, सुरीने वरची भिजलेली साल काढावी आणि आतल्या कोरड्या लाकडाच्या बारीक ढलप्या काढाव्यात.

हे सर्व जिवावर बेतल्यासच करावे. वासोट्यासारखी ठिकाणे कोयना अभयारण्यात येतात, आणि अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ची मनाई आहे. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर एक ठिणगीही वणव्याला पुरते. पावसात अडकल्यास आधी वाऱ्याचा मारा चुकवावा, ओले कपडे बदलावेत आणि रेंज असेल तर ११२ वर कळवावे. विस्तवाचा विचार त्यानंतर करावा. तंबूच्या आत किंवा कोंदट गुहेत तो कधीही पेटवू नये, कारण तिथे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला धोका कळतच नाही. कड्यावर आग्या मोहोळ लटकत असेल, तर त्याच्या आसपास धूर करू नये.