आर्थिक सुधारणा मनमोहन सिंग यांनी केल्या, मग नरसिंह रावांचं स्वतःचं योगदान काय?

आधीच सांगतो, मी नवोदयचा, म्हणजे हुशार ग्रामीण मुलांसाठीच्या केंद्र सरकारी निवासी शाळेचा विद्यार्थी आहे, आणि त्या शाळांशी रावांचा संबंध आहे. त्यामुळे रावांच्या बाबतीत माझं माप थोडं झुकतं असणार.

१९९१ च्या २१ जूनला ते पंतप्रधान झाले तेव्हा सत्तरी पूर्ण व्हायला आठवडा उरला होता. लोकसभा त्यांनी लढवलीच नव्हती, दिल्लीतला गाशा गुंडाळायला घेतला होता. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं. अशा वेळी राजकारणाबाहेरच्या मनमोहन सिंगांना अर्थमंत्री केलं ते रावांनीच. पण उद्योग खातं त्यांनी स्वतःकडे ठेवलं, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. २४ जुलैला अर्थसंकल्प आला. त्याच दिवशी, त्याच्या आधी, नवं औद्योगिक धोरण संसदेत ठेवलं गेलं. १८ उद्योग सोडले तर कारखाना काढायला सरकारी परवाना घ्यायची पद्धत गेली. एवढी मोठी गोष्ट, पण ती मांडायला रावांनी आपल्या राज्यमंत्र्याला पुढे केलं. सरकार अल्पमतातलं, काम उरकायचं आणि गाजावाजा होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

आता नवोदय. शाळेत असताना आम्हाला पाठ होतं की ही राजीव गांधींची कल्पना. ते खरंच आहे, पण तेव्हा मनुष्यबळ विकास मंत्री राव होते हे मी कॉलेजात गेल्यावर वाचलं. आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये रावांनी सर्वेल गावात गरीब, हुशार मुलांसाठी निवासी शाळा काढली होती. केंद्रात आल्यावर तोच धागा पुढे नेला. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून दोन नवोदय सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आज साडेसहाशेच्या वर आहेत, आणि त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या.

पाचवीत परीक्षा, सहावीत पत्र्याची पेटी घेऊन होस्टेल. पेटीच्या झाकणावर बाबांनी ऑइलपेंटने माझं नाव लिहिलं होतं, ते वाकडं झालं म्हणून मी रुसलो होतो. नववीत मायग्रेशन, म्हणजे वर्गातली काही मुलं वर्षभर हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयात जातात आणि तिकडची आपल्याकडे येतात. मी गेलो. परत आलो तर तिकडून आलेला एक पोरगा मेसच्या रांगेत ‘काय बे, सरक ना’ म्हणत होता. मातृभाषा तेलुगू, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला आणि कायदा नागपूरला, आणि ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारा हा माणूस. मायग्रेशन नेमकं कुणाच्या डोक्यातून निघालं ते असो, मला त्यात रावच दिसतात.

पंचायत राज आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्याही त्यांच्याच काळातल्या. गावागावांत महिला सरपंच दिसतात त्याचं मूळ तिथे आहे.

पण ६ डिसेंबर १९९२, अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली तो दिवस, टाळून उत्तर पूर्ण होत नाही. मशिदीला धक्का लागू देणार नाही या उत्तर प्रदेश सरकारने न्यायालयात दिलेल्या हमीवर राव विसंबले. राष्ट्रपती राजवट आधीच लावली असती तर घटनेच्या कसोटीवर टिकली असती का, हा वाद कायद्याचे लोक अजून घालतात. मला मात्र तो बचाव पुरेसा वाटत नाही. औद्योगिक धोरणात जे गप्प राहणं कामी आलं, तेच अयोध्येत महागात पडलं, आणि किंमत मुंबईसकट देशभरातल्या सामान्य माणसांनी मोजली. सरकार वाचवायला खासदारांना पैसे दिल्याच्या झारखंड मुक्ती मोर्चा लाच प्रकरणात २००० साली ते दोषी ठरले आणि २००२ मध्ये उच्च न्यायालयात सुटले, पण नावाला लागायचं ते लागलंच.

डिसेंबर २००४ मध्ये ते गेले तेव्हा काँग्रेस मुख्यालयाचं फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडलं नाही. गाडी बाहेर थांबली आणि तिथूनच पुढे गेली. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. भारतरत्न मिळालं २०२४ मध्ये, तेही भाजप सरकारकडून. १९८४ मध्ये भाजपला देशभरात दोनच जागा मिळाल्या होत्या, त्यातली एक हणमकोंड्यात रावांना पाडून. ते त्या वेळी लोकसभेत पोचले ते आपल्या रामटेकमुळे.