पेन्सिल्व्हेनियाचे 'डच' म्हणजे वलंदेज नव्हेत हो!

प्रश्न असा आलाय, की अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वसाहतींवर मराठीत लिहिताना 'पेन्सिल्व्हेनिया डच' लोकांना, हॉलंडवाल्यांसाठीचा आपला जुना शब्द वापरून, 'पेन्सिल्व्हेनियाचे वलंदेज' म्हटलं तर चालेल का, तेवढंच भाषांतर देखणं होईल.

नाही चालणार. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. त्यातले बहुतेक लोक अठराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या काठच्या मुलखातून आलेले जर्मन, हॉलंडशी संबंध एवढाच की जहाज बहुधा रॉटरडॅमला पकडलं.

आता हुशार मंडळी लगेच सांगतात, अहो ते मूळ 'डॉइच' (जर्मन लोक स्वतःला म्हणतात तो शब्द), अडाणी इंग्रजांनी त्याचं 'डच' केलं. हेही साफ खोटं! त्या काळच्या इंग्रजीत डच म्हणजे जर्मनही आणि हॉलंडवालेही, वरच्या मुलखातले हाय डच, खालच्या सखल भागातले लो डच, बास. पुढे हॉलंडशीच व्यापार आणि भांडणं जास्त, म्हणून शब्द आक्रसत त्यांच्यापुरता उरला, पेन्सिल्व्हेनियात मात्र जुना अर्थ टिकला. आणि डच काय नि डॉइच काय, मूळ अर्थ 'लोकांची', म्हणजे लॅटिन न येणाऱ्या साध्या माणसांची बोली. आपल्याकडे संस्कृतसमोर प्राकृत, तसंच.

गंमत पुढेच आहे. पेन्सिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनला इंग्लंडच्या राजाकडून १६८१ ला त्या मुलखाची सनद मिळाली (बापाचं १६,००० पौंडांचं येणं होतं राजाकडे, त्यापोटी), आणि १६८३ ला जर्मनीतल्या क्रेफेल्डहून १३ कुटुंबं येऊन फिलाडेल्फियाजवळ राहिली, बहुतेक सगळी क्वेकर, म्हणजे राजालासुद्धा अरे-तुरे करणारा पंथ. गावाचं नाव काय, तर जर्मनटाउन! पण क्रेफेल्ड हॉलंडच्या हद्दीला लागून, यांची बोली डचच्या अगदी जवळची. म्हणजे गावाच्या नावात जर्मन ते जवळपास डच, आणि ज्यांना डच म्हणतात ते जर्मन. खरे वलंदेज हवे असतील तर न्यू अ‍ॅमस्टरडॅमला जा, जे १६६४ ला इंग्रजांनी घेऊन न्यूयॉर्क केलं. ब्रुकलिन, हार्लेम ही नावं त्यांचीच, आणि आपण रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना जे 'बॉस' म्हणतो तो शब्दही त्यांचाच.

पण मला खरं बोलायचंय ते वलंदेज या शब्दावर. 'इंग्रजी हॉलंडचा अपभ्रंश' असं ठोकून देणारे पंडित मला भेटलेत, त्यांनी जरा सांगावं की मग शेवटचा 'एज' कुठून टपकला? हा शब्द पोर्तुगीज आहे. 'ओलांदेस', त्यात ह लिहितात पण उच्चारत नाहीत. जसा 'इंग्लेस'चा इंग्रज, तसा ओलांदेसचा वलंदेज. कोणी म्हणतं फ्रेंचांकडून आला. अहो, फ्रेंचांची कंपनीच निघाली १६६४ ला, तोवर पोर्तुगीज गोव्यात दीडशे वर्षं मुरले होते आणि वेंगुर्ल्याला वलंदेजांची वखारही थाटलेली होती, मग तोवर काय आपले लोक त्यांना बोटानं दाखवत होते?

राहिला सुरुवातीचा 'व'. ही माझी थिअरी, पटली तर घ्या. आपल्या खेड्यातल्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीच्या 'ओ'चा 'व' होतो, ओढ्याचा वढा, ओळखीची वळख, ओसरीची वसरी, ओठाचा वठ. मग ओलंदेजाचा वलंदेज का नाही होणार? बंगालीत बघा, तिथे तो अजून 'ओलंदाज'च आहे. म्हणजे हा शब्द दरबारातल्या कारकुनानं नाही, कोकणातल्या कोणा खलाशानं नाहीतर हमालानं घडवलाय असं मला वाटतं, कारकुनानं नंतर फक्त उतरवून घेतला. आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यनीतीच्या ग्रंथात, टोपीकरांच्या (युरोपीय लोकांच्या) यादीत तो फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज), इंग्रज, फरासीस (म्हणजे फ्रेंच) आणि डिंगमारांच्या सोबत बसलेला आहे. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले, आणि तोही माझ्या मते पोर्तुगीज 'दिनामार्का'वरूनच, पण ते असो.

हां, तुमचं भाषांतर. 'पेन्सिल्व्हेनियातले जर्मन' लिहा आणि यांना तिकडे डच म्हणतात हे एका वाक्यात सांगून टाका. वलंदेज शब्द वापरायची फारच हौस असेल तर न्यू अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रकरणात वापरा, तिथे शोभेल.