मिनेसोटातलं जर्मन कॅथलिक शेतकरी कुटुंब, दर पिढीत दहा-बारा मुलं आणि तीच तीच नावं, वंशावळ कशी जुळवायची?

मिनेसोटातली स्टर्न्स काउंटी (जिल्हा) असेल तर सुरुवात चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरपासूनच करा, सेन्ससपासून नको. तिथले मिशनरी फादर फ्रान्सिस पिअर्झनी १८५० च्या दशकात जर्मन पेपरांत पत्रं लिहून लिहून तिकडे कॅथलिक लोक बोलावले, त्यामुळे आख्खी गावंच एका पॅरिशची (एकाच चर्चच्या हद्दीतली) आहेत आणि नोंदी लॅटिनमध्ये, म्हणजे घरातला जॉन तिथे योआनेस आणि हेन्री हेन्रिकस. पण त्यात बहुतेक वेळा आईचं माहेरचं आडनाव असतं, ते सोनं आहे, एकाच नावाचे चार जोसेफ वेगळे करायचे तर तेच कामाला येतं. गॉडपॅरेंट्स (बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारे) पण लिहून घ्या, ते सहसा काका-मावशीच निघतात. आणि एकाच आईबापाला दोन पीटर दिसले तर घाबरू नका, पहिला गेला की पुढच्याला तेच नाव द्यायची पद्धत होती.

१८९० चा सेन्सस शोधत बसू नका, १९२१ च्या आगीनंतर त्यातलं जवळपास काहीच उरलं नाही. त्यापेक्षा १९०० चा बघा, त्यात प्रत्येकाचा जन्माचा महिना-वर्ष आहे शिवाय बाईला किती मुलं झाली, किती हयात हेही विचारलंय, म्हणजे लहानपणीच गेलेली किती शोधायची राहिलीत ते कळतं.

जमिनीचे पेटंट, म्हणजे सरकारनं जमीन नावावर करून दिल्याचे कागद, अमेरिकन सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या साइटवर फुकट दिसतात, होमस्टेडवाले (राहून कसायच्या अटीवर मिळालेले) १६० एकरपर्यंत. शेजारच्या शेतांची नावंही बघा हं, पोरींची लग्नं बरेचदा तिथेच झालेली असतात.