खुर्ची मिळाली, पण बसवत नाही

"ताई, त्या खुर्चीत बसलं की वाटतं, आता कुणीतरी येऊन 'ऊठ' म्हणेल."

जळगावात गेली २२ वर्षं समुपदेशन करताना हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. हमालांच्या संघटनेच्या सचिवाकडून, केळीचे घड वाहणाऱ्याच्या मुलीकडून (ती आता नगरसेविका आहे), बचतगटातून पंचायत समितीत गेलेल्या बाईकडून. घरात पहिल्यांदाच कुणी पुढारी झालेलं असतं आणि त्याच माणसाला वाटत असतं की आपण दुसऱ्याच्या जागी बसलोय. असं का वाटतं, हे परवा पुन्हा एकाने विचारलं, म्हणून लिहिते आहे. ओळख कळू नये इतके तपशील बदलले आहेत.

वरचं वाक्य चोपडा तालुक्यातल्या एका सरपंचांचं. वय ३८, आईवडील दोघंही शेतमजूर. झोप उडाली होती. डॉक्टरांनी तपासून माझ्याकडे पाठवलं होतं.

"अण्णा ग्रामपंचायतीत आले की मी आपोआप उभा राहतो. आमचं अख्खं घर त्यांच्या वावरात कामाला होतं."

"आणि गल्लीतले काय म्हणतात?"

"याच्या कपड्यांना इस्त्री आली, आता हा आपला राहिला नाही."

आई अजून कापूस वेचायला जायची. सरपंचाच्या आईने आता जाऊ नये, असं ते एकदा म्हणाले, तर ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

"तिची लाज वाटते का?"

बराच वेळ ते बोटातली अंगठी फिरवत राहिले. "लाज वाटते, याची लाज वाटते."

माझा कल मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांच्याकडे. न्यूनगंड हा शब्द आपण येताजाता वापरतो, त्यामागचा विचार त्यांचा. तरुण डॉक्टर असताना, १८९८ मध्ये, त्यांनी शिंप्यांच्या आजारांवर एक पुस्तिका लिहिली आणि ती दुखणी त्यांच्या कामाच्या आणि राहण्याच्या परिस्थितीशी जोडून दाखवली. कष्टकऱ्यांच्या मुलांना समजून घेताना ते मला फार जवळचे वाटतात. माणसाची सगळ्यात जुनी आठवण विचारावी, हेही मी त्यांच्याकडूनच शिकले.

सरपंचांची आठवण सात वर्षांच्या वयातली होती. दिवाळीनंतरची वेचणी, संध्याकाळी वावरात मोजमाप चाललेलं. किलोवर मजुरी. आईचं गाठोडं काट्यावर चढलं. तोलणारा म्हणाला, "एकोणीस." हा नुकताच आकडे शिकलेला. मोठ्याने म्हणाला, "तेवीस शे!" (अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'.) आईने झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. सकाळचा कापूस दवाने ओला असतो, म्हणून वजनात घट धरतात, असं नंतर त्याला सांगण्यात आलं.

ही आठवण त्यांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा ती आईच्या हातापाशी येऊन थांबली. खरं सांगते, मीही त्या हाताकडेच बघत राहिले होते. गरिबाने गप्प राहायचं, हा धडा मुलाने तिथे घेतला, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. चौथ्या भेटीत मला माझी चूक दिसली.

"भाऊ, हात नंतर आला. त्याआधी काय झालं?"

"मी आकडा वाचला."

"कुणासाठी?"

ते थांबले. मग हळूहळू ओळीत उभ्या असलेल्या बाया आठवू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोघींनी त्याला हळूच काट्याजवळ उभं केलं होतं. हे ते गेल्या ३१ वर्षांत एकदाही कुणाला बोलले नव्हते.

"म्हणजे मी तेव्हापासूनच..." एवढंच म्हणाले आणि रुमाल शोधू लागले. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला. माझ्या कामात असे क्षण मोजकेच येतात, त्या वेळी आपण बोलू नये.

पुढचं काम सोपं होतं. वडीलधाऱ्यांसमोर उठणं हा काही आजार नाही. अण्णांसाठी उठता ना, मग वेचणीवरून दाखला मागायला आलेल्या मावशीसाठीही उठा. आईने कामाला जावं की नाही, हे तिला विचारा, तिच्यावर हुकूम सोडू नका. घरी अहिराणी बोलता, तर ग्रामसभेतही बोला. ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या लागते. तेवढ्याच माणसांसमोर जमाखर्च स्वतः वाचा, ग्रामसेवकांवर सोडू नका. जुन्या आठवणीत आपल्याशी लोक कसे वागले, हे प्रत्येकाला पाठ असतं. आपण तेव्हा काय केलं, तेही एकदा आठवून बघा, असं मी अशा प्रत्येकाला सांगते.

१ मेच्या ग्रामसभेनंतर त्यांचा फोन आला. अण्णांनी गटाराच्या खर्चावर प्रश्न विचारला होता. हे उभे राहिले आणि उभ्यानेच प्रत्येक रक्कम वाचून दाखवली. आई मागे बायांमध्ये बसली होती, सभेत काही बोलली नाही. रात्री भाकरी थापताना तिने विचारलं, "गटारना कितला सांगात तू? परत वाच."