वाचक विचारतात : बांबूच्या स्टुलाखाली भुसा का पडतो?

प्रश्न : दादा, मागच्या पावसाळ्यात मामाच्या शेतातून हिरवे बांबू आणले, पोरानं आणि मी मिळून गच्चीसाठी एक बाकडं अन् दोन स्टूल बनवले, खिळे ठोकले, वॉर्निशचे दोन हात मारले. आता रोज सकाळी स्टुलाखाली पिवळट भुसा पडून राहिलाय आणि नवतप्यात तर बाकडं रात्री ताडकन फाटलं. पुन्हा बनवायचंय, चुकलं काय?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, वॉर्निशचा काही दोष नाही, घोळ बांबू तोडतानाच झाला. तो भुसा भुंगेऱ्याचा आहे, त्याला बांबूतला स्टार्च पाहिजे असतो आणि कोवळ्या, ओल्या बांबूत त्याची चंगळ होते. म्हणून तोड पावसाळा सरल्यावर, थंडीत करायची, तीही तीन-चार वर्षांच्या बांबूची. पेरांजवळ टोपरं, म्हणजे कोंबावरचं वाळकं आवरण, चिकटलेलं अन् अंगावर पांढरी भुकटी दिसली तर तो यंदाचाच, सोडून द्या. पक्का बांबू ठोकला की टणटण वाजतो.

मग तो आतल्या गाठी लांब सळईनं फोडून दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, वास येतो पण स्टार्च निघून जातो. त्यानंतर 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स अन् 2 किलो बोरिक ॲसिड, त्यात साधारण दोन आठवडे. हातमोजे घाला, लेकरांना दूर ठेवा. वाळवायचं मात्र सावलीत, उभं करून, महिना-दीड महिना, आपल्याकडच्या 45 डिग्रीच्या उन्हात टाकलं की ते फाटणारच, मी स्वतः घाईघाईत एक अख्खी खेप अशी वाया घालवली आहे, अजून वाईट वाटतं.

पायांसाठी मानवेल घ्या, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, तो जवळजवळ भरीव असतो. खालचा काप गाठीच्या अगदी लगत घ्या म्हणजे पायाचं तोंड बंद राहतं. खिळा थेट ठोकूच नका! आधी ड्रिलनं भोक, त्यात बांबूचीच खुंटी, वरून भिजवलेली काथ्याची दोरी, ती वाळून घट्ट बसते. आणि वजन जोडाशी कापलेल्या खाचेवर आलं पाहिजे, दोरीवर नाही.

बोरॅक्स पावसात धुऊन निघतो म्हणून गच्चीवर शेडखालीच ठेवा. फाटलेलं बाकडं काथ्यानं आवळून चालेल, स्टूल मात्र घरातल्या बाकीच्या बांबूच्या वस्तूंपासून आजच दूर करा, भुंगेरा तिकडे जातो.

मामाच्या शेतातला बांबू तोडायची चिंता करू नका, 2017 च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वनकायद्यात झाड धरत नाहीत, जंगलातला मात्र परवानगीशिवाय नाही. आणि पोराला हे शिकायची हौस असली तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एकदा घेऊन जाच.