टोळ पाळायचे म्हणता, पण कुठले टोळ?

प्रश्न थोडक्यात असा: चेंबूरला वन बीएचके, वर्षभराचा बिअर्डेड ड्रॅगन (ऑस्ट्रेलियातला पाळीव सरडा), आणि परदेशी व्हिडिओंत लोक त्याच्यापुढे खायला डबाभर टोळ ओततात ते बघून तुम्हालाही गॅलरीत टोळांची पैदास करायची आहे. अंडी कुठे मिळतील, वास येतो का, आणि पावसाळ्यात जमेल का? वास फारसा येत नाही. पावसाळ्यात जवळपास जमत नाही. अंड्यांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण मी तिथेच आपटलोय.

व्हिडिओंत दिसतात ते बहुतेक वाळवंटी टोळ नाहीतर स्थलांतरी टोळ. या दोघांना ऊब आणि चारा मिळाला की बाराही महिने वीण चालू. ओल्या वाळूत अंडी घातली की तीस-बत्तीस अंशांना साधारण दोन आठवड्यांत पिल्लं, मग पाच वेळा कात टाकून महिना-सव्वा महिन्यात पंख. बाहेर त्यांचा धंदा होतो तो यामुळेच. आपल्याकडे जिवंत कीटक बाहेरून आणायला केंद्र सरकारचा आयात परवाना लागतो, त्यामुळे कुणी 'अंडी पार्सलने पाठवतो' म्हणालं तर हात जोडा. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड उतरली होती, आठवत असेल. मुंबईतही आले म्हणून व्हिडिओ फिरले, आले काहीच नव्हते. पण असला किडा चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत मुद्दाम वाढवायचा, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आपले गावठी घेऊ. मीही हेच म्हटलं होतं. आपल्या शहराच्या नावाचाच एक टोळ आहे, मुंबई टोळ. १९०१ ते १९०८ या काळात त्याने मुंबई इलाख्यात धुमाकूळ घातला होता. पण तो वर्षाला एकच पिढी काढतो. मोठा झालेला टोळ आख्खा हिवाळा-उन्हाळा नुसता बसून काढतो आणि पाऊस पडला की मग अंडी. तुमचा बिअर्डी तोवर काय खाणार?

माझी गोष्ट भाताच्या नाकतोड्यांची. मुरबाडला मामाच्या बांधावर ऑक्टोबरात नाकतोडे नुसते उडत असतात. मामेभावाने आणि मी मच्छरदाणीच्या तुकड्याची जाळी करून तीसेक धरले. मुलुंडला आणले तेव्हा आई म्हणाली, "घरात पाली कमी होत्या का?" चार दिवसांत माद्या वाळूच्या डब्यात शिरल्या. ते बघण्यासारखं असतं. मादी पोटाचं टोक वाळूत रुतवते आणि पोट रबरासारखं ताणत जातं, एरवीच्या दुप्पट. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेर काढते तेव्हा भोकाच्या तोंडाशी फेसाचं बूच दिसतं, वाळलं की फिकट तपकिरी. मी सात बुचं मोजली आणि हिशेब करत बसलो, एका पुंजक्यात तीस-चाळीस म्हणजे अडीचशे पिल्लं.

दोन आठवडे झाले, पाच झाले. बल्ब लावला, पाणी शिंपडलं. काही नाही. मार्चमध्ये वैतागून ती वाळू आईच्या गवती चहाच्या कुंडीत ओतून दिली. जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस झाले आणि एका सकाळी आई चहासाठी पात तोडायला गेली तर पातीवर जिऱ्याएवढी हिरवी पिल्लं, शेकड्याने. तिने मला ज्या आवाजात हाक मारली ती मी लिहीत नाही. ही अंडी मातीत झोपून राहतात आणि मोसमी पावसालाच उठतात. तुमचा बल्ब त्यांना फसवू शकत नाही.

तेव्हा बारमाही पैदास डोक्यातून काढा. हंगामी करायचं असेल, म्हणजे जून-जुलैत पिल्लं धरून ती ऑक्टोबरपर्यंत वाढवायची, तर ते जमतं. पण त्यातही मुंबईचा पाऊस मध्ये येतो. जुलैत हवेलाच इतकी ओल असते की कोंड्याला दोन दिवसांत बुरशी धरते. टोळांना डब्यात कोरडं लागतं, ओल फक्त वाळूत. माझी मांडणी अशी होती: मत्स्यालयाच्या दुकानातली दीड फूट उंच काचेची टाकी, वर स्टीलची बारीक जाळी (नायलॉनची कुरतडतात, बाहेर येतात), आत सुक्या काटक्या, एका कोपऱ्यात चाळीस वॉटचा जुना बल्ब, आणि जाळीवर कॉम्प्युटरचा छोटा पंखा. बल्बखाली ३२ ते ३५ अंश, रात्री बंद. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या एका रात्रीत सगळं फस्त करतात.

काटक्या शोभेला नाहीत. शेवटची कात टाकताना टोळ उलटा लटकतो, पाठ फाटते आणि तो स्वतःतून खाली ओघळतो. पंख आधी पिळलेल्या रुमालासारखे असतात, वीसेक मिनिटांत ताठ होतात. टाकी ठेंगणी असेल किंवा गर्दी असेल तर तो अर्ध्यात पडतो आणि वाकडा होतो, किंवा बाकीचे त्याला खातात. गर्दीचा आणखी एक परिणाम, आणि हा मला फार आवडतो: खऱ्या टोळांची (साध्या नाकतोड्यांची नव्हे, धाड घालणाऱ्यांची) पिल्लं एकटी वाढली तर हिरवी राहतात, दाटीवाटीत वाढली तर काळी-पिवळी होऊन कळपाने चालू लागतात. पूर्वी लोक या दोन वेगळ्या जाती समजत. हा एकच प्राणी आहे हे उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये दाखवलं.

चारा म्हणजे गव्हांकुर. ट्रेमध्ये पेरा, आठवड्याला एक ट्रे संपतो. दूर्वाही चालतात, पण बाजारातली जुडी पाण्यात बुडवून, झटकून, पूर्ण सुकवून द्या. बागेतलं, रस्त्याकडेचं गवत नको. माझी दुसऱ्या वर्षीची अख्खी टाकी डासांच्या धुराने गेली. सोसायटीत धूरवाला आला, मी ऑफिसात, गॅलरीचं दार उघडं. संध्याकाळी टाकीच्या तळाशी सगळे पाय वर करून. बिअर्डी आतल्या खोलीत होता म्हणून वाचला. त्या वेळी मेलेले किडे त्याला घालायचा मोह आवरा, विष त्यांच्या अंगात असतं.

बाहेरून किडे आणणार असाल तर रुईच्या झाडावरचा पिवळा-निळा पट्टेरी नाकतोडा कधीही घालू नका. तो रुईचं विष अंगात साठवतो, आणि त्याचे रंग हीच त्याची पाटी आहे. काजवे तर अजिबात नाहीत, एखाद-दुसराही बिअर्डीचा जीव घेतो. फवारणी केलेल्या शेतातले नकोत, आणि नॅशनल पार्कात जाळी घेऊन तर जाऊच नका, तिथून किडाही उचलणं गुन्हा आहे.

आता मूळ गरज बघू. वर्षाच्या बिअर्डीला रोज किडे लागत नाहीत. पालेभाज्या वाढवत न्या, शेवग्याचा पाला आणि भोपळा तर आपल्याकडे सहज मिळतो. किडे आठवड्यातून तीन-चार वेळा, म्हणजे आठवड्याचे पंचवीस-तीस. त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा नाही, मोठ्या नाकतोड्याच्या काटेरी तंगड्या काढून टाका. कॅल्शियमची पूड मात्र प्रत्येक किड्याला, कारण एकट्या किड्यांतून ते पुरत नाही. एवढ्यासाठी रातकिडे पुरेत. अंडेवाल्याकडचे पुठ्ठ्याचे ट्रे, कोंडा, गाजराचा तुकडा आणि अंड्यांसाठी ओल्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वाटी. दहा-बारा दिवसांत पिल्लं, दोनेक महिन्यांत पुढची पिढी, आणि पावसाळ्याचं त्यांना टोळांइतकं वावडं नाही. नर रात्रभर किरकिरतात, तेवढं सोसावं लागतं. मी नर आधी खाऊ घालतो.

आणि एक, टाकी साफ करताना मास्क लावा. टोळांची वाळलेली लेंडी आणि कातीची धूळ बऱ्याच जणांना सोसत नाही, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना त्यातून दमा झाल्याची उदाहरणं आहेत. मला दुसऱ्या वर्षी शिंका सुरू झाल्या, तेव्हापासून मास्कशिवाय झाकण उघडत नाही.

एवढं वाचूनही हौस फिटली नसेल तर जूनच्या शेवटी कळवा. आईच्या कुंडीत अजूनही दरवर्षी दहा-वीस निघतात, ती आनंदाने देईल.